प्रयोगानंतरची पत्रं

मावशी मुंबईत टीव्हीवर काम करू लागली तेव्हा आईनं टीव्ही पाहिलाच नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वर्षभरानं सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि पुण्याला चित्र दिसू लागलं. आमच्या वेंगुर्ल्याला मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं काहीच दिसत नव्हतं. धाकटी बहीण वरळीच्या स्टुडिओत तोंडाला रंग लावून उभी आहे, मुंबईतली घरंच्या घरं तिला बघताहेत, आणि जिनं तिला कडेवर घेऊन वाढवलं त्या थोरल्या बहिणीला ते बघायचा कुठलाच मार्ग नाही. म्हणून मावशीनं ते सगळं लिहून कळवलं. निळ्या आंतरदेशीय पत्रांवर, बारीक अक्षरात, दुमडायच्या कडांवरसुद्धा ओळी घालून.

आईनं ही पत्रं सांभाळली. आईची उत्तरं मात्र मावशीच्या खोल्या बदलण्यात कुठंतरी गेली. त्यामुळं मला एकीचाच आवाज ऐकू येतो. दुसरीनं काय विचारलं असेल ते उत्तरांवरून ताडावं लागतं. प्रयोगाआधी काही खाल्लंस का, हा प्रश्न आईनं पुन्हा पुन्हा विचारलेला दिसतो, कारण मावशी पुन्हा पुन्हा सांगते की पोटात अन्न असलं की आवाज वर चढत नाही, मी नंतरच जेवते. नंतर म्हणजे रात्री एक वाजता.

बऱ्याच पत्रांवर तारीख नाही. वार आहे आणि वेळ आहे. रविवार, रात्रीचे दोन. बुधवार, रात्रीचे अडीच. प्रयोगाहून आल्यावर अंग गळून गेलेलं असे, पण डोकं जागं असे. झोप यायला तासदीडतास जाई आणि त्या वेळात ती ताईला लिही. सकाळी दहाला फोर्टातल्या कचेरीत टाइपरायटरपुढं बसायचं असे. त्या काळातल्या पुष्कळ नटनट्यांचं असंच होतं. बँका, विमा, सरकारी खाती यांतल्या नोकरीवर घर चाले आणि संध्याकाळ नाटकाची. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली होती, कचेऱ्याकचेऱ्यांच्या आपापल्या स्पर्धा होत्या, त्यांतून ती पुढं आली आणि मग व्यावसायिक रंगभूमीवर गेली. गेली ती बहुतेक वेळा बदली नटी म्हणून.

या बदलीच्या कामाबद्दल आपल्या नाट्य-इतिहासात जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. प्रयोग लागलेला असतो, तिकिटं खपलेली असतात, आणि नटी तापानं पडते, बाळंतपणाला जाते, नाहीतर सिनेमाच्या चित्रीकरणात अडकते. प्रयोग रद्द करणं निर्मात्याला परवडत नाही. मग धावाधाव होते आणि पाठांतर चांगलं असलेल्या, फार मागण्या नसलेल्या बाईला निरोप जातो. मावशीचं पाठांतर चांगलं होतं.

ती हे काम कसं करायची ते तिनं एका पत्रात सविस्तर लिहिलंय. एखाददुसरा प्रयोग विंगेत वही घेऊन बसायचं. मूळची नटी कोचाच्या कुठल्या बाजूनं वळते, कोणत्या शब्दावर कप उचलते, वाक्याच्या अगोदर श्वास घेते की मध्ये, हे टिपून घ्यायचं. कारण समोरच्यांच्या अंगात तिच्या हालचाली भिनलेल्या असतात. आपण कप एक शब्द उशिरा उचलला तर समोरचा अडखळतो, आणि प्रेक्षकांना वाटतं हीच चुकली. म्हणून सुरुवातीचे प्रयोग अगदी तिच्यासारखं करायचं. सगळे सरावले की मग एकेक जागा आपली करून घ्यायची, कुणाला कळणार नाही अशी. एका ज्येष्ठ नटाबरोबर काम करताना बऱ्याच प्रयोगांनंतर एक दिवस असा आला की तिनं वाक्य थोडं हळू टाकलं आणि त्यांनी आपलं नेहमीचं उत्तर किंचित थांबून, तिच्याकडं पाहून दिलं. त्या रात्रीच्या पत्रात मावशीनं लिहिलं, ताई, आज ते माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. नटीच्या आयुष्यातला विजय इतका नेमका सांगितलेला मी दुसरीकडं वाचलेला नाही.

आपल्याकडं नट्यांची आत्मचरित्रं आहेत आणि चांगली आहेत. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’, दुर्गाबाई खोट्यांचं ‘मी दुर्गा खोटे’, विजया मेहतांचं ‘झिम्मा’. ती वाचताना बाई मागं वळून बघत असते. कुठली भूमिका गाजली, कुठली पडली, कोण पुढं किती मोठं झालं, हे तिला ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्यानं आठवणींना आकार येतो. रात्री दोन वाजता लिहिणारीला उद्याचं माहीत नसतं. सुपरहिट होईल म्हणून तिनं कळवलेलं नाटक पंधरा दिवसांत उतरतं, आणि जे तिला कंटाळवाणं वाटलं होतं ते वर्षभर चालतं. पत्रांतलं काम अजून चालू असलेलं काम असतं, म्हणून त्यात शरीर फार येतं.

दौऱ्याची पत्रं वाचावीत. कंपनीची बस, सेटचं सामान मागं, माणसं पुढं. प्रयोग संपवून रात्रीच निघायचं आणि सकाळी दुसऱ्या गावी उतरायचं. बायकांना पुढच्या सीट देत, पण झोप बसल्याबसल्याच. गावोगावच्या उघड्या नाट्यगृहांत रंगपट म्हणजे तट्ट्यांचा आडोसा. संडासची सोय नसे, म्हणून दुपारपासून पाणी प्यायचं नाही, आणि पाणी न पिता तीन अंक आवाज टिकवायचा. एका पत्रात ती लिहिते की अडचण आलेली असताना तिसऱ्या अंकात पांढरं लुगडं होतं, आणि त्या अंकात आठ वेळा उठबस होती. तिनं विंगेतल्या कपडेवाल्या बाईला खुणेनं सांगून ठेवलं होतं की काही दिसलं तर खोक. सबंध अंकभर एक कान संवादाकडं आणि एक कान त्या खोकल्याकडं. खोकला आला नाही. प्रयोग उत्तम झाला, असं पुढच्याच ओळीत आहे. हे तिनं त्या बहिणीखेरीज कुणाला सांगितलं असतं? समीक्षकाला, मुलाखत घेणाऱ्याला, की आत्मचरित्राच्या वाचकाला?

घरून विरोध होता, तो पत्रांत दबक्या सुरात येतो. चांगल्या घरातल्या बाईनं रंगमंचावर उभं राहणं ही गोष्ट तेव्हा फार जुनी नव्हतीच. नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणलं १९३३ मध्ये. ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक त्यात उभ्या राहिल्या. आजोबा तेव्हा तरुण होते. बालगंधर्वांना स्त्रीवेशात बघून भारावलेल्या पिढीतले ते, आणि त्यांच्याच मुलीनं स्त्रीवेशाची गरज संपवणाऱ्या बायकांत सामील व्हावं हे त्यांना पेललं नाही. शिवाय आमचा मुलूख दशावताराचा. जत्रेत रात्रभर चालणाऱ्या खेळात लुगडं नेसून उभे राहणारे सगळे पुरुष. आईला नाटक म्हणजे आधी तेच माहीत होतं.

१९७२ साल या पत्रांत दोन्ही बाजूंनी भरून आलेलं आहे. मार्चमध्ये तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. लालन सारंग चंपा झाल्या, गदारोळ उठला, प्रयोग अडले आणि कमलाकर सारंग न्यायालयात गेले. वेंगुर्ल्याला वर्तमानपत्रातून एवढंच पोचलं की मुंबईच्या रंगभूमीवर काहीतरी अश्लील चाललंय. आईनं घाबरून पत्र लिहिलं असणार. मावशीचं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात चीड आहे. तिनं प्रयोग पाहिला होता. लालनबाई कशा बसतात, कशा पाय पसरतात, दारू प्यायलेल्या बाईचं जडावलेपण कसं मानेतून दाखवतात, हे तिनं ओळीओळीनं उतरवलंय. ती भूमिका तिला स्वतःला पेलली नसती, असंही स्पष्ट लिहिलंय. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला, जेव्हा एका नटीच्या कामावरून मुंबईत कज्जे चालले होते, तेव्हा सरकारच्या नव्या टीव्ही केंद्रानं दुसऱ्या एका नटीला, म्हणजे तिला, नीटनेटकी साडी नेसून यायला सांगितलं.

टीव्हीबद्दलची पत्रं मला सगळ्यांत आवडतात. ज्या माणसानं ती वस्तू पाहिलेली नाही त्याला ती समजावून सांगायची होती, म्हणून मावशीला काहीच गृहीत धरता येत नव्हतं. तिनं सुरुवात दशावतारापासूनच केली. आपल्या दशावतारात लिहिलेले संवाद नसतात ना, नट उभ्याउभ्या बोलतात, भांडण रंगलं तर तासभर रंगवतात. इथं बरोबर उलटं आहे, असं ती सांगते. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात. त्या खुणेवर पाऊल पडलं पाहिजे, वीतभर चुकलं तरी तोंड धूसर दिसतं किंवा दुसऱ्याच्या डोक्याआड जातं. तीन कॅमेरे चाकांवर फिरतात. ज्याच्यावर लाल दिवा लागला त्याचं चित्र चालू. पण त्याच्याकडं बघायचं नाही. फ्लोअर मॅनेजर कानाला यंत्र लावून उभा असतो आणि हातानं खुणा करतो. यंत्रांसाठी खोली गार ठेवलेली असते, तालमीत शाल घेऊन बसावं लागतं, आणि दिवे लागले की कपाळावरून घाम ओघळतो.

प्रवेश एका दमात व्हायला हवा. टेप कापून जोडणं तेव्हा सोपं नव्हतं आणि टेप महाग होती. शेवटच्या मिनिटाला कुणी अडखळलं तर सगळं पहिल्यापासून. नाटकवाल्यांना हे जमून गेलं याचं कारण मावशी बरोबर सांगते. आम्हाला थांबायची सवयच नाही, चुकलं तरी पुढं ओढायचं हे आमच्या रक्तात आहे. सिनेमातून आलेल्यांची तारांबळ उडे.

तिची तारांबळ उडाली ती वेगळ्याच ठिकाणी. एका विनोदी नाटुकल्यात तिच्या तोंडी एक वाक्य होतं. रंगमंचावर अशा वाक्यानंतर नट थांबतो. हशा येऊ द्यायचा, तो ओसरायला लागला की त्याच्या उतारावर पुढचा शब्द टाकायचा. हे शिकवावं लागत नाही, अंगातच मुरतं. मावशीनं स्टुडिओत वाक्य टाकलं आणि थांबली. हसायला कुणी नव्हतं. कॅमेरावाले तोंड मिटून उभे, लाल दिवा लागलेला, आणि ते थांबणं नुसतंच पसरलेलं. चित्रण पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी तिनं मनातल्या मनात हशा ऐकला आणि अर्ध्यावर तोडला. कार्यक्रम लागला, आणि तो खरा हशा तिला सोमवारी कचेरीत मिळाला, जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, बायकांच्या डब्यांभोवती. हशा दोन दिवस उशिरा आला, असं ती लिहिते, आणि मग विचारते की ताई, यात कामाची चव कशी कळायची?

दुसरा धक्का चेहऱ्याचा. रंगभूमीवरच्या नटाला स्वतःचं काम कधी दिसत नाही. त्याला ते लोकांच्या शांततेतून, चुळबुळीतून कळतं. स्टुडिओतल्या मॉनिटरवर मावशीनं आपला चेहरा पहिल्यांदा अभिनय करताना पाहिला. आपण स्तब्ध उभ्या आहोत अशी तिची समजूत होती आणि पडद्यावर भुवया सारख्या नाचत होत्या. रडण्याच्या जागी ती खांद्यांनी, पाठीनं रडत असे, शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेला दिसेल असं; इथं खांदे चौकटीतच नव्हते. मग ती आरशापुढं बसून भुवया थांबवायला शिकली. पापणी खाली घ्यायला किती वेळ लावला तर दुःख वाटतं आणि किती वेळ लावला तर झोप वाटते, असा हिशेब एका पत्रात आहे. आणि त्याचा परिणाम असा झाला की नाटकात तिचं काम बारीक होऊ लागलं. दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर सुनावलं की बाई, मागच्या लोकांनीही तिकीट काढलंय. पुढचे काही महिने ती आठवड्यातून दोनदा आपला चेहरा लहान करत होती आणि तीनदा मोठा. रंगभूमीवरून टीव्हीत आलेल्या त्या पहिल्या पिढीला ही ये-जा रोजचीच होती. भक्ती बर्वे दूरदर्शनवर लोकांच्या ओळखीच्या झाल्या आणि १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’त त्यांनी रंगमंच गाजवला, मावशीनं तो प्रयोग पाहून लिहिलंय की या मुलीला दोन्हीकडची मापं जन्मतःच कळतात, मला ती मोजून घ्यावी लागतात.

आईची एक हिरवी इरकल मावशीनं मुद्दाम मागवून घेतली होती. पांढरं नको, पडद्यावर झळाळतं. बारीक रेघांचं नको, रेघा थरथरतात, असं तिला सांगितलं होतं. एस.टी.तून येणाऱ्या कुणाबरोबर तरी ती साडी गेली आणि टीव्हीवर नेसली गेली. चित्र अर्थातच काळं-पांढरं. रंग यायला १९८२ उजाडायचं होतं. मावशीनं कळवलं की तुझी साडी सगळ्या मुंबईनं बघितली, पण ती हिरवी आहे हे तुला आणि मलाच माहीत. हे वाक्य लिहिताना तिला वाईट वाटलं असेल की आनंद, मी ठरवू शकलेले नाही. आईला आनंद झाला होता. ते पत्र तिनं शेजारणीला वाचून दाखवलेलं मला आठवतं.

पैशांबद्दल मावशी मोकळेपणानं लिही. नाटकात नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट प्रयोगानंतर हातात पडायला हवं. एका निर्मात्यानं तिची नाइट पुढच्या प्रयोगावर, मग त्याच्या पुढच्या प्रयोगावर ढकलत नेली, आणि नाटक बंद झालं तेव्हा तो भेटेनासा झाला. टीव्हीचं तसं नव्हतं. १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही आकाशवाणीचाच भाग होता, त्यामुळं करारही सरकारी शिस्तीचे. छापील कागद, त्यावर दिवस, वेळ, मानधन, आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही. चेक यायला वेळ लागे, पण येई. कामगार म्हणून आपलं नाव एका कागदावर नीट टंकलेलं आहे, याचं टाइपिस्ट असलेल्या या बाईला किती अप्रूप होतं! पहिल्या कराराची तिनं स्वतः टाइप करून नक्कल काढली आणि आईला पाठवली. ती नक्कल अजून आहे.

आणि चाळ. गिरगावात ती राहत होती त्या चाळीत रात्री दीड वाजता जिना चढताना दारं कशी वाजत, कुणाची खिडकी कशी मुद्दाम उघडे, हे आधीच्या पत्रांत आहे. मग मजल्यावर एका बिऱ्हाडी टीव्ही आला. पोस्टात परवान्याचे पैसे भरून आणलेला, लाकडी सरकत्या दाराचा. ‘गजरा’ हा कार्यक्रम लागला की सगळा मजला तिथं गोळा होई. मावशीचा कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी त्याच शेजाऱ्यांनी तिला बोलावून खुर्चीवर बसवलं, पोरांना पुढं सरका म्हणून दटावलं. तिनं त्यांचा मान घेतला, सगळ्यांशी गोड बोलली. पण पत्रात लिहिलं की इतकी वर्षं मी बाहेर जाऊन जे करत होते तेच आज त्यांच्या खोलीत येऊन केलं, म्हणून ते चांगलं ठरलं. दिवाणखान्यात दिसणारी बाई आणि रात्री नाट्यगृहातून परतणारी बाई यांच्यात लोकांनी केलेला फरक तिनं तिथल्या तिथं ओळखला होता. त्या फरकानं नट्यांची एक पिढी घडली आणि काही जणी मागं पडल्या, असं मला आता वाटतं.

ऐंशीच्या दशकात मालिका आल्या. मावशी त्यांत आत्या झाली, शेजारीण झाली, एकदोनदा न्यायाधीशसुद्धा. आमच्याकडं टीव्ही आला, आईनं तिला एकदाची पाहिली, फोनही लागला, आणि पत्रं विरळ होत बंद पडली.

तिनं सत्तरच्या दशकात टीव्हीसाठी केलेल्या कामातलं काही मला सापडलेलं नाही. तेव्हाच्या टेपा पुसून त्यांवर नवं चित्रण होई. महाग वस्तू पुन्हा वापरायची, यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. नाटक तर उरण्यासाठी नसतंच. सुलभा देशपांड्यांची बेणारे आपल्याला आज पाहता येते ती ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा १९७१ मध्ये सत्यदेव दुब्यांनी सिनेमा केला म्हणून. बदलीवर आलेल्या नटीचा सिनेमा कुणी करत नाही.

एका पत्राच्या शेवटी, कडेच्या पट्टीवर, मावशीनं लिहिलंय की हे वाचून फाडून टाक. आईनं फाडलं नाही. ते पत्र मी इथं कशासाठीही वापरलेलं नाही आणि वापरणारही नाही, त्यात दुसऱ्या एका माणसाचं खाजगी आहे. बाकीची मात्र मी टंकून घेते आहे. तारखा नाहीत, म्हणून ग्रंथालयात जाऊन त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती उलटते आणि वार, नाट्यगृह, नाटकाचं नाव जुळवून पत्र बसवत जाते. पुष्कळदा जुळतं. ज्या नटानं थांबून तिच्याकडं पाहिलं त्या प्रयोगाची जाहिरात मिळाली: शिवाजी मंदिर, रविवार, दुपारी चार. नाटककार, दिग्दर्शक, त्या ज्येष्ठ नटाचं नाव ठळक टायपात, आणि खाली नायिका म्हणून मूळच्या नटीचं नाव. मी त्या नोंदीपुढं मावशीचं नाव पेन्सिलीनं लिहिलं आहे. माझ्या वहीत, वर्तमानपत्रावर नाही.